मोडक्या दाताचा पंच

"हे पत्र पाच वर्षं माझ्या कपाटात आहे, मॅडम. आजोबांनी जाण्याआधी स्वतः माझ्या हातात दिलं. म्हणाले, खोली तुझी. तेव्हापासून ते कपाटाबाहेर पडलेलं नाही." हितेंद्रने खोली भाड्याने दिल्याचं घरमालकाचं जुनं पत्र टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत ऐसपैस टेकून बसला.

शेवंतीकाकी त्याच्या शेजारच्या खुर्चीत फाईल छातीशी धरून बसली होती. डिलाईल रोडवरची त्यांची चाळ पाडून नवी इमारत व्हायची होती आणि नवी जागा कुणाला, याची सुनावणी चाळीच्याच व्यायामशाळेत, सरकारी मॅडमसमोर चालली होती. सतरा नंबरची खोली काकीच्या सासऱ्यांच्या, धोंडूंच्या नावावर. त्याच खोलीत काकीचा संसार झाला, नवरा गेला, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं तिनेच केलं. पुतण्या हितेंद्र राहायला बदलापूरला. खोलीवर उगवायचा तो गणपतीत, मोदक हाणायला. पण पत्र त्याच्याकडे होतं. खोली गेली तर साठी उलटलेल्या बाईने जायचं कुठे, या एकाच विचाराने काकी अर्धी झाली होती.

ते पत्र तिचंच. दिवाळीनंतर सर्व्हेची नोटीस लागली, तेव्हा तिने ट्रंकेतले सगळे कागद बाहेर काढून, पंच मारून फाईलला लावले होते. जानेवारीत हितेंद्र "झेरॉक्स काढून आणतो" म्हणून फाईल घेऊन गेला. फाईल परत आली, त्यात बाकी सगळं होतं, पत्र तेवढं नव्हतं. वर शहाजोगपणे म्हणतो कसा, "काकी, वय झालं तुझं. ठेवलं असशील कुठेतरी."

"मावशी, तुमच्याकडे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"रेशनकार्ड आहे, लाईटची बिलं आहेत. आणि हे पत्र माझ्या फाईलमधून गेलंय."

"त्याला पुरावा?"

काकीने नाही म्हणून मान हलवली. मॅडमनाही वाईट वाटलं असावं. "बरं, तुमचा अर्ज तरी लावून घेते. सुटा नको, पंच मारून द्या. आमचं मशीन सकाळपासून कोण घेऊन गेलंय कुणास ठाऊक."

काकीने फाईल उघडली. आत पहिल्या पानाच्या जागी तिचा पंच होता. पट्टीसारखा चपटा, फाईलच्या रिंगांतच अडकून बसणारा. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढून ती सात वर्षांपूर्वी रिटायर झाली, तेव्हा साहेबांनी दिलेला. सुटा कागद आणि वाऱ्यावर सोडलेलं पोर तिच्या लेखी सारखंच. मूळ कागदांना भोकं पाडू नयेत असं चाळीतल्या शहाण्यांनी तिला बजावलं होतं. काकीने कुणाचं ऐकलं नव्हतं.

पंच दिसताच हितेंद्रला हसू फुटलं. "मॅडम, ते मोडकं आहे हां! गेल्या गणपतीत मखराचा पत्रा टोचताना माझ्याच हातून त्याचा दात गेला. तोवर एकदम ओके होतं. नवीन घेऊन देतो म्हटलं, तर काकी ऐकेल तर ना!"

मागच्या बाकावरचे लोक हसले. काकीने तिकडे लक्ष दिलं नाही. अर्ज पंचमध्ये सरकवला, तळहाताने दाबला. एक भोक छान गोल पडलं. दुसरं अर्धंच कापलं गेलं, चंद्रकोरीसारखं, आणि कागदाचा तुकडा तसाच लोंबत राहिला. तिने सवयीने केसातली पिन काढली, तुकडा खरवडून टाकला.

अर्ज पुढे करताना तिची नजर टेबलावरच्या पत्रावर पडली. आज चार महिन्यांनी ती ते इतक्या जवळून बघत होती. तिचा हात थांबला. मग तिने अर्ज अलगद पत्रावर ठेवला, कडेला कड जुळवली आणि दोन्ही कागद मॅडमकडे सरकवले.

"भोकं बघा, मॅडम."

मॅडमनी दोन्ही कागद ट्यूबलाईटसमोर धरले. एक भोक गोल. दुसरी चंद्रकोर, कडेला पिनेचा ओरखडा. उजेड दोन्ही कागदांतून एकसारखाच आला.

"म्हणजे हे पत्र यांच्या फाईलला होतं तर," मॅडम म्हणाल्या.

हितेंद्र चपापला, पण गडी पटकन सावरला. "असेल ना! आजोबा होते तेव्हा मारला असेल काकीने पंच. रिटायर झाल्यापासून दिसेल त्या कागदाला भोकं पाडते ती. मग आजोबांनी मला दिलं."

मॅडमनी मान डोलावली. "तसंही असू शकतं, मावशी."

आता रडेल अशी वाटणारी काकी चक्क हसली. "मॅडम, पाच वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा या पंचाचे दोन्ही दात शाबूत होते. दात गेला गेल्या गणपतीत. मी नाही म्हणत, हाच म्हणाला. आत्ता, तुमच्यासमोर."

मागच्या बाकावरून शेजारच्या मालनचा खणखणीत आवाज आला, "मेल्या, तुझ्याच तोंडानं सांगितलंस की!" आणि अख्खी चाळ टाळ्या पिटायला लागली. मॅडमनी त्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि सतरा नंबरपुढे ठळक अक्षरांत शेवंतीचं नाव लिहिलं. काकीला उठून फुगडी घालावीशी वाटली. गुडघे आड आले, नाहीतर घातलीच असती.

मॅडमनी आपल्या कामापुरती पत्राची नक्कल ठेवून घेतली. मूळ पत्र काकीने रिंगांत ओवलं, वर पंच बसवला आणि फाईल बंद केली. हितेंद्र दारापर्यंत पोचला होता.

"हितेंद्रा," काकीने हाक मारली, "यंदा मखराचा पत्रा टोचायचा असला तर ये हो. पंच माझ्या खोलीतच आहे."