मास्तरांचा विसावा

प्ले

"आता कान दे," मगन म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. डोळे मिटल्याशिवाय रघुनाथ मास्तरांना ऐकायचं नाही, असा नियम होता. नियम त्यानंच केला होता आणि इतकी वर्षं तो एकटाच पाळत होता.

सुकदेवच्या दुकानातल्या टेबलावर एक उघडा मिक्सर, दोन पंखे आणि मधोमध टेपरेकॉर्डर. सुरतेच्या उधन्यात कॅसेट दुरुस्त करणारा दुसरा कोणी उरला नव्हता, म्हणून मगन नाइलाजानं इथं आला होता. कॅसेट छत्तीस वर्षांपूर्वीची. परवा त्याच्या बायकोनं, जयश्रीनं, माळा आवरताना साडीच्या खोक्यातून ती काढली आणि "ही टाकू का?" असं विचारलं. मगन असा धावला, की ती शिडीवरून पडता पडता राहिली.

उद्या संध्याकाळी मास्तरांची पहिली पुण्यतिथी. उधन्यातली सगळी जाणती मंडळी हॉलमध्ये येणार. मास्तरांचा पट्टशिष्य म्हणून मगन त्यांच्या स्टील गिटारची हे एकुलतं एक रेकॉर्डिंग ऐकवणार. मग मगनचे सात विद्यार्थी तीच धून वाजवणार, मधल्या विसाव्यासकट. पट्टशिष्य हेही मगननंच ठरवलं होतं.

रिवाइंड

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९८८. गावी जायला सुट्टी न मिळालेल्या खानदेशी कामगारांसाठी चौकात कार्यक्रम ठेवला होता. मगनला तोही जमला नाही, कारण तो कारखान्यात कापडाच्या मागावर होता. तेसुद्धा स्वतःच्या नावानं नाही. गावी गेलेल्या दगा नावाच्या कामगाराच्या जागी, दगाच्या हजेरीवर, बदली म्हणून. बदलीचं तसंच असतं. हात कोणाचेही असोत, नाव मूळ माणसाचं. बदलीनं आपलं नाव सांगायचं नाही. सांगितलं तर मूळ माणसाची नोकरी जाते. त्या कारखान्यातले दोन म्हातारे अजूनही मगनला दगाशेठ म्हणतात, आणि तो ओ देतो.

चहाच्या सुट्टीत मगन गच्चीवर गेला आणि खांबावरच्या भोंग्यापाशी टेपरेकॉर्डर धरून उभा राहिला. स्टेज दिसत नव्हतं. खाली मागांची खडखड. भोंगा म्हणाला, "आता रघुनाथ मास्तर." आणि मग ती गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडाचा तुकडा फिरवायचा. धून ऐन वर चढली आणि एकदम थांबली. चार मात्रा काहीच नाही. फक्त एक बारीक 'टण्ण'. मग धून थांबली होती तिथूनच पुढे.

त्या चार मात्रांत मगन जो बुडाला, तो वर आलाच नाही. त्यानं त्यांना नाव दिलं : मास्तरांचा विसावा. 'टण्ण' म्हणजे देवळातली घंटा, देवानं दिलेली दाद, असं तो आपल्या गिटारच्या वर्गात सांगू लागला. त्या आठवणीखातर त्यानं देवळाला एक पितळी घंटाही दिली. एकदा त्यानं खुद्द मास्तरांना विसाव्याचं रहस्य विचारलं. "त्यात माझं काही नाही रे," मास्तर म्हणाले. एवढा विनय पाहून मगनच्या डोळ्यांत पाणी आलं.

कॅसेट हरवली, पण विसावा राहिला. विद्यार्थ्यांना तो शिकायला सहा-सहा महिने लागत. सुकदेव तेव्हा मगनच्या ग्रुपमध्ये वाजवायचा. हात गोड होता, पण त्या जागी तो थांबायचाच नाही. सरळ पुढे जायचा. "मास्तरांपेक्षा शहाणा झालास का?" असं म्हणून मगननं बारा वर्षांपूर्वी त्याला सगळ्यांदेखत काढून टाकलं.

प्ले

धून वर चढली.

"हां. आता मास्तर श्वास धरतील बघ," मगन मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "तुला हे कधी कळलंच नाही."

"आता थांबेल," सुकदेव म्हणाला. तो मिक्सरचा स्क्रू कसत होता.

थांबली.

"आता टण्ण."

टण्ण.

मगननं डोळे उघडले. "तू ही कधी ऐकलीस? कॅसेट तर माझ्या माळ्यावर होती."

"ऐकली नाही, वाजवली. मास्तर आखाजीला गावी गेले होते. मी बदली होतो." सुकदेवनं स्क्रू फिरवणं थांबवलं नाही. "घामानं हातातलं लोखंड सुटलं. माइकच्या स्टँडवर आपटलं. उचलेपर्यंत चार मात्रा गेल्या."

पॉज

बटण मगननंच दाबलं. सात विद्यार्थी. प्रत्येकी सहा महिने. लोखंड हातात असताना ते पडल्यासारखं कसं वाजवायचं, हे त्यानं घाम गाळून शिकवलं होतं. ज्यानं आपलीच चूक पुन्हा करायला नकार दिला, त्याला अडाणी म्हणून हाकललं होतं. शिवाय ती घंटा.

"खरं सांगस?" त्याच्या तोंडून घरची बोली निघाली.

"खरंच."

"मग तेव्हा का नाही बोललास? मी काढलं तेव्हा?"

"बदलीनं नाव सांगायचं नसतं. हे तुला काय सांगायचं, दगाशेठ?" सुकदेवनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आता मास्तरांची नोकरी जायची भीती नाही, म्हणून बोललो. ती कॅसेट तू उद्या खुशाल लाव. मी कुठे बोलणार नाही."

मगननं कॅसेट काढली. साडीच्या खोक्यात ती चांगली होती, असं त्याला वाटून गेलं. जयश्रीनं टाकायची परवानगी मागितली होती, तीही रीतसर. त्यानं कॅसेट खिशात घातली आणि दुकानाच्या दारापर्यंत गेला. तिथून परत आला.

"उद्या सहाला हॉलवर ये. गिटार घेऊन."

"कोणाच्या नावावर?" सुकदेवनं विचारलं.

"तुझ्या," मगन म्हणाला. "आणि या वेळी लोखंड घट्ट धर."