ठीक असल्याची खूण

बाबांच्या टाचेची जखम चार महिने भरत नव्हती. ऑक्सिजनच्या काचेच्या चेंबरमधले हे उपचार लागू पडले नाहीत, तर पाऊल कापावं लागणार होतं.

"काका, आज आतला फोन बंद आहे," चेंबर चालवणारा म्हणाला. "कान ठीक असतील तर काचेवर एकदा वाजवा. दुखले तर दोनदा."

"आणि झोप लागली तर?"

"तर स्वप्नातही एकदाच वाजवा."

बाबा हसत आत आडवे झाले. झाकण लागलं. हवेचा दाब वाढू लागला.

ठक्.

काट्यावरची नजर न हलवता त्याने दाब आणखी वाढवला.

ठक्.

मी वाकून काचेतून पाहिलं. बाबांनी दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले होते. ते ओरडत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता.

"थांबवा! त्यांना सहन होत नाहीये!"

"अहो ताई, ते स्वतःच ठीक म्हणतायत."

"हात बघा त्यांचे!"

त्याने पाहिलं आणि घाईघाईने दाब उतरवायला घेतला.

आतून ठक् झालं. बाबांचे दोन्ही हात अजून कानांवरच होते, पायही हलत नव्हते. जरा थांबून पुन्हा एकदा. मग पुन्हा एकदाच, पण आधीपेक्षा जोरात.