तिन्ही नेम

डोंगरावर हरणं फार झाली की एकही रोपटं जगत नाही, म्हणून दरवर्षी मोजून तेवढीच टिपावी लागतात. या कामात बायकांनीही यावं, असं इस्टेटीच्या मालकांना एकाएकी वाटलं. त्यांनी आपला शिकारी टॉर्किल याच्या बायकोचं, इशबेलचं, नाव नेमबाजीच्या फुकटच्या शिक्षणवर्गात परस्पर घालून टाकलं.

शिकवायला इन्व्हरनेसहून कर्स्टीबाई आल्या. त्यांनी आधी थंड कोठीत टांगलेल्या हरणांच्या सहा माद्या पाहिल्या. प्रत्येकीला एकच गोळी, खांद्यामागे, बरोबर त्याच जागी.

"काय हात आहे हो तुमच्या नवऱ्याचा!" त्या इशबेलला म्हणाल्या.

"नोकरी आहे तोवर हे घर आहे," दारातल्या बाकावर बसूनच टॉर्किल बोलला. "नेम चुकून कसं चालेल?"

मग इशबेलनं बंदूक उचलली. तीन गोळ्या झाडल्या. पुठ्ठ्याच्या हरणाला एकही लागली नाही.

"नाउमेद होऊ नका," बाई म्हणाल्या. "घरातच गुरू आहे. वर्षभर यांच्या हाताखाली शिका, जमेल."

"बघते," असं म्हणून इशबेल बाईंची बंदूक त्यांच्या जीपमध्ये ठेवायला गेली. बाई निरोप घ्यायला टॉर्किलच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

तिकडे जीपचं दार वाजलं. बाईंचा हात तसाच पुढे राहिला; टॉर्किलनं त्यांच्याच दिशेला तोंड केलं आणि हळूच विचारलं, "गेली का गं ती? तिन्ही चुकवल्यास ना?"