शिडीखालची पंगत

"समग्र कविता म्हणता आणि त्यातली एक गाळता?" ईराने प्रुफांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

समोर वाग्विलास मंडळाचे सचिव जयंतराव बसले होते. त्यांनी आधी चहा मागवला, मग चष्मा पुसत तिला समजावलं. तिच्या शेजारी बसलेल्या वडिलांनी, म्हणजे श्यामकांतांनी, देवाला, मंत्र्याला आणि कारखानदाराला घातलेल्या शिव्या मंडळाने जशाच्या तशा छापायला घेतल्या होत्या. दोनशे चौदा कविता. 'शिडीखालची पंगत' तेवढी वगळू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. दुसऱ्याला घातली तर ती कविता, आपल्याला घातली की बदनामी, असा मंडळाचा न्याय.

श्यामकांत जन्मभर पाट्या रंगवून जगले. भनपुरीच्या ट्रकांवर, बीरगांवच्या कारखान्यांच्या भिंतींवर त्यांनी कविता लिहिल्या. मंडळातल्या लोकांनी नाकं मुरडली, ड्रायव्हरांनी पाठ केल्या. चाळीस वर्षांपूर्वी समता कॉलोनीत याच मंडळाची पाटी ते रंगवत होते. आत गणपतीची पंगत बसली. त्यांनाही वाढलं, पण बाहेर, शिडीखाली, वर्तमानपत्रावर. तिथेच ती कविता सुचली. हाताशी कागद तेवढाच, आणि तोही वरणात भिजलेला.

जयंतरावांनी आता प्रस्तावना वाचायला घेतली. श्यामकांत दर पाडव्याला पाटीवर नवा हात मारायला स्वतः येतात, पैसे घेत नाहीत, जुना रंग कुणाला खरवडू देत नाहीत. मंडळावर अशी निष्ठा विरळाच, असं त्यांनी लिहिलं होतं.

ऐकता ऐकता ईराचे कान तापले. पुस्तकाचा हट्ट तिचाच होता. बाप सत्त्याहत्तरचा झाला, नावावर एक पुस्तक नाही, म्हणून तिनेच या मंडळाचे उंबरे झिजवले होते. आता तिला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, साइन मत करो," ती म्हणाली. "घर चलो."

श्यामकांतांनी पेन उघडलं आणि कविता गाळायच्या संमतिपत्रावर वळणदार सही ठोकली. ईराला भडभडून आलं. हा माणूस कधी कुणापुढे वाकला नव्हता, आणि आज तिच्या हट्टापायी वाकला होता.

जयंतरावांनी लगबगीने कागद फाइलीत घातला. मग, जाता जाता आठवल्यासारखं, त्यांनी त्या कवितेची मूळ प्रत मागितली. भलत्याच्या हाती लागायला नको, मंडळाच्या कपाटात नीट राहील, म्हणाले.

श्यामकांत उठले. ईराच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत गेले आणि थांबले. समोर फाटकावर मंडळाची पाटी होती, निळ्या रंगावर पांढरी ठसठशीत अक्षरं. ते पाटीकडे बघून मिशीत हसले.

"मूळ प्रत तुमच्याच जवळ हाय, जयंतराव," ते म्हणाले. "कोऱ्या पत्र्यावर त्या दिवशी पह्यले कविता लिवली, मंग तिच्यावर मंडळाचं नाव रंगवलं. वाचाची असन, तं आधी आपलं नाव खरवडा."