माळ्यावरचा फोम

वाशांना घट्ट चिकटलेला फोम खरवडताना गॅविनला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याची कंपनी बदलली होती, आता तो फोम काढायचं काम करायचा, पण घर तेच होतं. "घर उबदार राहील, किंमतही वाढेल," असं छातीठोकपणे सांगून त्यानेच हा फोम इथे फवारला होता. आता छपराला फोम दिसला की बँका घर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कर्ज देत नाहीत, आणि बेरिलबाईंना तर घर विकून ब्लॅकपूलला लेकीजवळ राहायला जायचं होतं.

"अहो, खाली या. चहा केलाय," शिडीखालून बेरिलबाईंची हाक आली.

दारातच चढवलेला मास्क न काढता तो खाली उतरला. "कशाला उगाच त्रास घेतलात?"

"त्रास कसला त्यात? आणि मास्क काढा की, इथे कुठे धूळ आहे?"

"राहू द्या. सवय आहे मला."

"फोम मारायला आलेला पोरगा मात्र याच पायरीवर गप्पा मारत बसायचा. माझ्या नवऱ्याला, नॉर्मनला, फार आवडला होता. तो म्हणाला, म्हणून तर नॉर्मनने कागदांवर सही केली."

गॅविन मास्क आणखी वर ओढत म्हणाला, "फसवलं हो त्याने तुम्हाला."

बेरिलबाईंनी चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"घे. तीन चमचे साखर घातलीय, तुला तेव्हा लागायची तेवढीच. आता तरी काढ तो मास्क."