सलूनवाल्याची तोंडी परीक्षा

परीक्षेच्या खोलीतून सलूनवाला बाहेर आला तो मिशीतल्या मिशीत हसतच. जिना उतरायच्या आधीच त्याने परदेशात बायकोला फोन लावला.

“झाली परीक्षा! परीक्षक बाई इतक्या मोकळेपणी बोलल्या म्हणून सांगू. त्यांचं मांजर एका डोळ्याने आंधळं आहे. धाकटी बहीण रुसून बसलीय. आणि गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, ते काही ठरत नाहीये.”

“हे सगळं इंग्रजीत?”

“मग काय! आणि मला सगळं कळलं.”

“अरे, पण तू काय बोललास?”

सलूनवाला विचारात पडला. “मी म्हटलं, ‘यस.’ आणि अधूनमधून, ‘अँड देन?’”

निकाल काय लागायचा तो लागला. सलूनवाला नापास झाला.

बायको तिकडे इस्पितळात नर्स होती. नवऱ्याला तिकडे न्यायचं, तर त्याला इंग्रजीत चार वाक्यं बोलता आली पाहिजेत, असा व्हिसाचा नियम. इंग्रजीचं त्याला वावडं नव्हतं. रेडिओवरून, गिऱ्हाइकांकडून त्याने बरंच उचललं होतं. अडत होतं ते भलतीकडेच. हातात कैची देताना वडिलांनी बजावलं होतं, की दुकानात गिऱ्हाइकाने बोलायचं आणि आपण ऐकायचं. पोराने ते इतकं मनावर घेतलं, की “हं... मग?” एवढ्या भांडवलावर त्याने अख्ख्या गल्लीची लग्नं, भांडणं आणि दुखणी ऐकली. स्वतःबद्दल मात्र कधी चकार शब्द काढला नाही. स्वतःचे केससुद्धा तो आरशात बघून स्वतःच कापायचा.

बायकोच्या वाट्यालाही तेच “हं... मग?” यायचं. निकाल कळला तेव्हा ती चिडली नाही. हळू आवाजात म्हणाली, “खरं सांग, तुला इकडे यायचंय ना? रोज संध्याकाळी मीच बोलते. माझ्यावाचून तुझं काही अडत नसेल, तर तसं सांग. मी उगाच वाट बघत बसणार नाही.”

सलूनवाल्याला सांगायचं तर इतकं होतं, पण तोंडातून बाहेर पडलं ते नुसतं “हं...” पुढचं “मग?” त्याने घाबरून गिळलं.

शेवटी मेहुणीने सूत्रं हातात घेतली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची आणि मुख्याध्यापकांनाही गप्प बसवायची. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात आली, खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, “समजा मी परीक्षक. टेल मी अबाउट युवर वाइफ.”

सलूनवाला सवयीने खुर्चीमागे उभा राहिला. सवयीनेच त्याने तिच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, कंगवा हातात घेतला आणि विचारलं, “युवर स्कूल, गुड?”

मेहुणी सुरू झाली. नवं वेळापत्रक, गळकं छप्पर, वर्गात शिट्ट्या मारणारी पोरं. बऱ्याच वेळाने मागून “अँड देन?” आलं, तेव्हा तिची ट्यूब पेटली.

“अगं बाई! भावोजी, तुम्ही मलाच बोलतं केलंत की! चला, तुम्ही बसा इथे.”

स्वतःच्या दुकानातल्या त्या खुर्चीत सलूनवाला पहिल्यांदाच बसला. मेहुणीने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आरशात त्याला एक गिऱ्हाईक दिसलं. आणि काय झालं कोण जाणे, त्याचं तोंड उघडलं ते मिटेचना. व्याकरण लंगडत होतं, पण थांबत नव्हतं. मेहुणी आधी हसली. मग हसायची थांबली आणि तिने पदराने डोळे पुसले.

“हे ताईला कधी सांगितलंत?”

“कसं सांगणार?” सलूनवाला ओशाळला. “तिचा फोन येतो तेव्हा मी खुर्चीमागे उभा असतो.”

दुसऱ्या खेपेला परीक्षेच्या दारावर शिपायाने त्याचे खिसे तपासले. घडी घातलेलं पांढरं कापड निघालं. शिपायाने ते झटकून पाहिलं, उलटंपालटं केलं आणि परत दिलं. कापड आणू नये असा काही नियम नव्हता. आत या वेळी एक कडक साहेब होते. सलूनवाल्याने “वन मिनिट, सर” म्हणत गळ्याभोवती कापड बांधलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या त्या शेवटपर्यंत खाली आल्या नाहीत. पण सलूनवाला पास झाला.

निकाल घेऊन तो तडक दुकानात आला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्याने बायकोला फोन लावला.

“पास!”

पलीकडे तिने आनंदाने किंकाळीच फोडली. मग म्हणाली, “पण तू बोललास तरी काय?”

सलूनवाला खुर्चीत बसला. गळ्याभोवती कापड बांधलं. आरशात स्वतःकडे बघितलं.

“सांगितलं, की माझी बायको रोज फोनवर बोलते, आणि तेवढ्यासाठी मी दिवस ढकलतो. तिच्या वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांची नावं मला पाठ आहेत. उशीखाली बिस्किटं लपवणाऱ्या आजोबांना परवा घरी सोडलं, तेव्हा मलाच चुकल्यासारखं झालं. गिऱ्हाईक नसलं तरी मी दुकान लवकर बंद करत नाही, कारण घरी गेलं की ती नाही हे कळतं. सगळी गल्ली माझ्याशी बोलते, पण मला हवा असतो तो तिचाच आवाज. ती विचारते, यायचंय ना? मी बॅग भरून ठेवलीय. रोजचा शर्टसुद्धा त्या बॅगेतूनच काढून घालतो.”

त्याला धाप लागली. आयुष्यात एका दमात तो इतकं कधी बोलला नव्हता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागून हसू.

“हं...” बायको म्हणाली. “मग?”