पिस्तूल खाली!

"मामा, पिस्तूल खाली!" सकाळपासून हेच ओरडून नेमबाजी शिकवणाऱ्या भाचीचा घसा बसला होता. तीस वर्षं ट्रक चालवून आता पहारेकरी व्हायला निघालेले मामा मात्र पिस्तुलासकट गर्रकन तिच्याकडेच वळले. "खालीच आहे गं!" "अहो, खाली!" "एकदा सांगितलं ना, खाली आहे! हवं तर चाप ओढून दाखवतो." नळी तिच्या छातीवर, मामांचं बोट चापावर. चुलीत गेला मानपान! तिने झडप घालून नळी जमिनीकडे दाबली, पिस्तूल हिसकावलं आणि रिकामं केलं. आत राहिलेली गोळी टणकन फरशीवर पडली. मामा पांढरेफटक झाले. "म्हणजे... रिकामं नव्हतं? ट्रकमधला माल उतरला की आम्ही 'गाडी खाली' म्हणतो." "मामा, खाली म्हणजे जमिनीकडे! जमिनीकडे!" तिचा उरलासुरला आवाजही गेला. मामांनी कपाळावरचा घाम पुसला. "मग तसं शुद्ध मराठीत सांगायचं ना!"